बोलण्याचं गाणं कुठे होतं ते ऐका: ‘माय फेअर लेडी’ कसा बघावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘माय फेअर लेडी’ला आठ ऑस्कर मिळाली, सगळे त्याला अभिजात म्हणतात, म्हणून तुम्ही तो बघायला घेतलात. जवळजवळ तीन तासांचा चित्रपट, लॅपटॉपवर, दोन रात्रींत तुकड्यातुकड्याने. तुम्हाला तो सेटवर उभं केलेलं नाटक वाटला. नायक गातच नाही, चालीवर नुसतं बोलतो. नायिकेचा गाण्यातला आवाज तिचा नाही हे नंतर कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. आणि शेवट अजिबात पटला नाही. याउलट कॉलेजात असताना पाहिलेलं ‘ती फुलराणी’ अजून मनात घर करून आहे. तेव्हा बघण्यात माझं काय चुकतंय, असं तुम्ही विचारलंत.

तुमचं निरीक्षण चुकलेलं नाही. तुम्ही नोंदवलेली प्रत्येक गोष्ट पडद्यावर खरोखरच आहे. अडचण मोजमापाची आहे. आपण हिंदी-मराठी चित्रपटांवर वाढलो. गाणं म्हणजे चाल, गळा आणि ते म्हणणारा चेहरा, असा आपला हिशेब असतो. कथा बाजूला थांबली तरी गाणं गोड असलं की झालं. दुसरीकडे परदेशी चित्रपट म्हटला की आपण वास्तवाची अपेक्षा धरतो. रस्ता खरा हवा, धूळ खरी हवी. ‘माय फेअर लेडी’ या दोन्ही मापांनी तोकडाच पडणार. त्याला लावायचं माप तिसरंच आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. ‘ती फुलराणी’ बघताना तुम्ही तेच वापरलं होतंत. त्याकडे पुढे येते.

मी बावीस वर्षं चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेते. त्याआधी बरीच वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. तेव्हा माझा कल रंगभूमीकडे आणि कानाकडे जास्त आहे, हे आधीच सांगते. कॅमेऱ्याच्या अंगाने बघणारा एखादा जाणकार याच चित्रपटाबद्दल माझ्याहून थंडपणे बोलेल आणि त्याचंही बरोबर असेल. शिवाय तुम्ही कशावर बघता याने खूप फरक पडतो. हा चित्रपट सत्तर मिलिमीटरच्या भव्य पडद्यासाठी काढलेला आहे. लॅपटॉपवर त्यातली गर्दीची दृश्यं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात, आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून उच्चारांतला बारकावा येतच नाही. इथे तर सगळा खेळच उच्चारांचा आहे. हेडफोन लावा आणि इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. एवढ्याने निम्मं काम होतं.

आता हे नाटक आलं कुठून, ते बघू. जॉर्ज बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली व्हिएन्नात पहिल्यांदा रंगमंचावर आलं आणि पुढच्या वर्षी लंडनला. फुलं विकणारी एलायझा डूलिटल, उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हेन्री हिगिन्स, आणि सहा महिन्यांत हिला उमराव घराण्यातली बाई म्हणून खपवून दाखवतो ही पैज. शॉला आपल्या नाटकांची संगीतिका झालेली मुळीच नको होती. ‘आर्म्स अँड द मॅन’वरून निघालेल्या ‘द चॉकलेट सोल्जर’चा अनुभव घेतल्यावर त्याने ते दार बंदच करून टाकलं. तो १९५० साली गेला, आणि त्यानंतर हे नाटक संगीतकारांच्या हाती आलं.

हाती आलं, पण तोंडात धरवेना. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्यासारख्या नावाजलेल्या जोडीने प्रयत्न करून सोडून दिला. गीतकार ॲलन जे लर्नर आणि संगीतकार फ्रेडरिक लो यांनीही पहिल्या झटापटीत हात टेकले होते. कारण उघड आहे. या नाटकात माणसं सतत वाद घालतात. प्रेमप्रकरण धड नाही, घोळक्याने गावं असा प्रसंग नाही, आणि नायक असा की जो प्रेमगीत म्हणायला उभा राहिला तर नाटकच कोसळेल. अशा ठिकाणी गाणं घुसवायचं कुठून?

लर्नर आणि लो परत आले ते उत्तर घेऊनच. गाणं बाहेरून आणायचं नाही, बोलण्यातूनच उगवू द्यायचं. शॉचे संवाद शक्य तितके तसेच ठेवायचे, आणि भावना जिथे वाक्यात मावेनाशी होते तिथे ते वाक्य लयीत घालायचं. १९५६ च्या मार्चमध्ये ही संगीतिका ब्रॉडवेवर आली आणि तिचे २,७१७ प्रयोग झाले. वॉर्नर ब्रदर्सने चित्रपटाच्या हक्कांसाठी पंचावन्न लाख डॉलर मोजले आणि १९६४ साली जॉर्ज क्यूकरच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट आला.

म्हणून माझ्या वर्गात मी एकच गोष्ट करायला सांगते. गाणी बघू नका, सांधा बघा. बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं ती जागा शोधा. संगीत नाटकात ऑर्गनवर बसणाऱ्याला ही जागा हाताला कळावी लागते. नट गद्य बोलत असतो, पण शेवटच्या दोन वाक्यांत त्याचा आवाज पदाच्या सुराकडे सरकायला लागतो. आपण तो सूर आधीपासून हलकेच धरून ठेवायचा, म्हणजे त्याला पायरी मिळते. पायरी चुकली की पद कितीही छान म्हटलं तरी ते वरून चिकटवल्यासारखं वाटतं. चांगल्या नटाच्या बाबतीत गद्य संपल्याचं प्रेक्षकाला कळतही नाही.

हे डोक्यात ठेवून ‘द रेन इन स्पेन’चा प्रसंग पुन्हा लावा. त्याआधी किती तरी वेळ आपण एलायझाचे हाल बघत असतो. तोंडात गोट्या घालून बोलायचं, ‘ह’चा उच्चार ज्योतीपुढे करायचा, ज्योत हलली तर बरोबर. हिगिन्स झायलोफोनच्या पट्ट्यांवर ठोके देत तिच्याकडून वाक्याची चढउतार घोटून घेतो. म्हणजे संगीताचं वाद्य खोलीत आलेलंच आहे, पण गाण्यासाठी नाही, शिक्षा म्हणून. नोकरमंडळी मध्येमध्ये कोरसमध्ये हिगिन्सची कीव करतात, एलायझाची नाही. रात्र उलटून गेलेली असते, सगळे थकलेले. आणि तेव्हा हा उद्धट माणूस पहिल्यांदाच आवाज खाली आणून तिच्याशी भाषेच्या वैभवाबद्दल माणसासारखा बोलतो. मग एक थांबा येतो. एलायझा हळूच ते वाक्य म्हणते, आणि आतापर्यंत ‘राइन’ आणि ‘स्पाइन’ होणारे शब्द ‘रेन’ आणि ‘स्पेन’ होऊन बाहेर पडतात.

इथे ऑर्केस्ट्रा एकदम तुटून पडत नाही. हिगिन्स तिला पुन्हा म्हणायला लावतो, ती पुन्हा म्हणते, आणि खात्री करून घेण्याच्या त्या फेऱ्यांमध्येच ताल शिरतो. उच्चाराचा धडा होता, तोच मुखडा झाला. मग स्पॅनिश ढंगाचा नाच, हिगिन्स आणि त्याचा मित्र कर्नल पिकरिंग बैलझुंजीची नक्कल करतात, आणि तिघं मिळून सोफ्यावर कोसळतात. संपूर्ण कथेत हे तिघं बरोबरीचे असतात तो हा एवढाच वेळ. चाल तशी साधी आहे, पण सांधा असा बेमालूम की मी शेकडो वेळा ऐकूनही गाणं नेमकं कोणत्या अक्षरावर सुरू झालं याबद्दल वर्गात दर वेळी वाद होतो. (आणि गंमत म्हणजे ते गाजलेलं वाक्य शॉच्या मूळ नाटकातलं नाही, १९३८ साली ‘पिग्मॅलियन’वर निघालेल्या चित्रपटातून आलेलं आहे.)

आता हिगिन्स गात का नाही? हिगिन्सची भूमिका करणारा रेक्स हॅरिसन गायक नव्हताच. लोने त्याच्यासाठी अशा चाली बांधल्या की त्याने सुराच्या कडेकडेने बोलत जावं आणि एखादाच शब्द सुरावर टेकवावा. हॉलीवूडची रीत आपल्यासारखीच होती. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं आणि सेटवर त्याबरहुकूम ओठ हलवायचे. हॅरिसनने याला नकार दिला, कारण बोलल्यासारखं गाणं दोनदा सारखं येत नाही. मग त्याच्या टायखाली बिनतारी मायक्रोफोन लपवला आणि त्याची गाणी एकाहून जास्त कॅमेरे लावून सेटवरच थेट टिपली. साठ वर्षांपूर्वी हे सोपं नव्हतं. त्या वर्षीचं ध्वनीचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं.

इथे तुमची ‘ती फुलराणी’ आणते. पु. ल. देशपांड्यांनी शॉच्याच नाटकावरून ते १९७५ साली मराठीत आणलं, आणि भक्ती बर्वेंची मंजुळा आजही लोकांच्या तोंडी आहे ती एका जागेमुळे. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा.’ मास्तर खोलीत नाही, अपमानाने पेटलेली मुलगी एकटी, आणि मनातला सूड लयीत बाहेर पडतोय. ते गाणं आहे का? नाही. साधं गद्य आहे का? तेही नाही. यमक आहे, ठेका आहे, आवाज चढतो, खाली येतो, पण चाल नाही. तुम्हाला ते इतक्या वर्षांनी आठवतं, कारण बोलणं आणि गाणं यांच्या मधली ती अरुंद जागा बाईंनी अचूक पकडली होती. हॅरिसन चित्रपटभर त्याच जागेवर उभा आहे. जे मंजुळेत भावलं ते हिगिन्समध्ये खटकलं, कारण त्याच्याकडून तुम्ही गाण्याची अपेक्षा ठेवली होतीत. शेवटचं ‘आय हॅव ग्रोन अकस्टम्ड टू हर फेस’ या कानाने पुन्हा ऐका. चिडचिड, बढाई, सूडाची स्वप्नं, आणि मध्येच सुरावर अलगद ठेवलेले चार शब्द. या माणसाला प्रेम व्यक्त करायचं तर तेवढेच सूर परवडतात.

आवाजाच्या फसवणुकीबद्दल. रंगमंचावर एलायझा होती ज्यूली अँड्र्यूज. तिला तोवर सिनेमाचा अनुभव नव्हता आणि निर्माता जॅक वॉर्नरला मोठं नाव हवं होतं, म्हणून ऑड्री हेपबर्न आली. तिच्या बहुतेक गाण्यांना आवाज दिला मार्नी निक्सनने. आपल्याला पार्श्वगायन हा धर्म वाटतो, लताबाई कोणासाठी गातायत हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यात कोणी फसत नाही. हॉलीवूडमध्ये ते झाकून ठेवायची गोष्ट होती, पडद्यावर निक्सनचं नाव नव्हतं. म्हणून मला यात हेपबर्नपेक्षा निक्सनवर अन्याय झाला असं वाटतं. तिने याआधीही डेबोरा कर आणि नॅटली वुड यांच्यासाठी असंच पडद्याआडून गाऊन ठेवलं होतं. हेपबर्नने स्वतः गाणी म्हणून ठेवलेली होती. त्यांतली काही आज ऐकायला मिळतात, आणि ‘वुडन्ट इट बी लव्हर्ली’ तिच्या आवाजात ऐकलं की फुलवालीचा तो थोडा खरखरीत, थंडीत काकडलेला गळा मला जास्त खरा वाटतो.

पण ‘जस्ट यू वेट’ नीट ऐका, डोळे मिटून. सुरुवातीचा चिडलेला आवाज हेपबर्नचा स्वतःचा आहे, जाडसर आणि दातओठ खाणारा. मधे एलायझा राजाच्या दरबाराचं स्वप्न बघते, चाल वर चढते, आणि तिथे निक्सनचा गोल, शिकलेला गळा येतो. नंतर पुन्हा हेपबर्न. मी वर्गात दिवे घालवून हे लावते आणि आवाज बदलला की हात वर करायला सांगते. पहिल्या खेपेला निम्मेही हात वर होत नाहीत. दुसऱ्या खेपेला सगळे. गरीब मुलगी स्वप्नात शिरते आणि नेमका तेव्हाच तिचा आवाज दुसऱ्याचा होतो. कोणी ठरवून केलेलं नाही हे, पण अर्थ मात्र लागून जातो. ‘कट्यार काळजात घुसली’च्या २०१५ च्या चित्रपटात सचिन पिळगांवकरांचे खाँसाहेब राहुल देशपांड्यांच्या गळ्याने गातात, तिथे आपण हा सांधा किती सहज स्वीकारतो ते आठवून बघा.

‘सेटवरचं नाटक’ ही तुमची तक्रार मला अर्धी मान्य आहे. चित्रपट लंडनला गेलाच नाही, सगळं कॅलिफोर्नियात स्टुडिओत उभारलं. एलायझावर भाळलेला तरुण फ्रेडी रस्त्यावर उभा राहून गातो तिथे क्यूकरला काही सुचलेलं नाही, कॅमेरा त्याच्याबरोबर नुसता ताटकळतो. सुरुवातीची एलायझा काजळी फासूनही फार देखणी आहे. एलायझाच्या बापाची, डूलिटलची, दोन्ही गाणी मला लांब वाटतात, ती भूमिका करणारा स्टॅन्ली हॉलोवे कितीही रंगात असला तरी. पण ॲस्कॉटच्या शर्यतीत हाच कृत्रिमपणा कामाला लागतो. वेशभूषाकार सेसिल बीटनने सगळ्या उमरावांना काळ्या-पांढऱ्या-करड्या कपड्यांत ठेवलंय. घोडे धडधडत जातात आणि ही माणसं दुर्बिणी घेऊन पुतळ्यांसारखी थिजलेली. आपण केवढे उत्तेजित झालो आहोत हे ती गाऊन सांगतात, आणि चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. खरं मैदान असतं, खरी धूळ असती, तर हा थिजलेपणा दिसलाच नसता.

आणि त्यात एलायझा बोलायला लागते. उच्चार लखलखीत, पण मजकूर गल्लीतला. मावशी फ्लूने गेली म्हणतात, पण माझ्या मते म्हातारीला संपवलं. एकेक स्वर घासूनपुसून स्वच्छ, आणि त्यातून येतोय दारूचा आणि चोरलेल्या टोपीचा किस्सा. हिगिन्सने तिला ध्वनी शिकवले, बोलायचं काय ते शिकवलंच नाही. आपल्याकडे ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याला वर्गात काय ऐकून घ्यावं लागतं ते आठवलं, तर या दृश्यात हसताना घशात काही तरी अडकतं. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने हे दृश्य संपल्यावर सांगितलं होतं की शाळेत तिचं वाचन ऐकून सगळा वर्ग हसायचा, म्हणून तिने पुढे कधी हातच वर केला नाही. त्या दिवशी नंतर आम्ही चित्रपटाबद्दल फारसं बोललो नाही.

आता शेवट, आणि त्यासाठी आधी मेजवानीनंतरची रात्र. मध्यंतरानंतरचा ‘यू डिड इट’ हा प्रसंग माझ्या मते चित्रपटाचा गाभा आहे, आणि तो लॅपटॉपवर हमखास निसटतो. एलायझाने राजदूताकडच्या नाचात सगळ्यांना जिंकलंय. घरी आल्यावर पिकरिंग हिगिन्सचं कौतुक गातो, हिगिन्स रंगवून सांगतो, नोकरमंडळी जल्लोष करतात. आणि एलायझा? चौकटीच्या कडेला, अर्धवट उजेडात, तोच पांढरा पोशाख घालून उभी. एक अक्षर बोलत नाही. गाण्यात सगळ्यांना आवाज आहे, जिच्याबद्दल गाणं आहे तिलाच नाही. रंगमंचावर प्रेक्षक हवा तिकडे बघतो. इथे कॅमेरा तिला कडेला ठेवतो आणि तिच्याकडे बघायचं की नाही ते तुमच्यावर सोडतो. सगळे निघून जातात, जाताना हिगिन्स तिला दिवे मालवायला सांगतो. मग सपाता शोधत परत येतो, आणि तिचा राग त्या सपातांसकट त्याच्या अंगावर येतो. हेपबर्नला त्या वर्षी ऑस्करचं नामांकनही मिळालं नाही. हा प्रसंग बघून मला ते आजही लागतं.

शेवट तुम्हाला पटला नाही, मलाही तो पूर्ण पटत नाही. शॉला तर असा शेवट मुळीच नको होता. एलायझा फ्रेडीशी लग्न करते असं त्याने नंतर लांबलचक टिपण जोडून लिहून ठेवलं. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये २०१८ साली झालेल्या पुनरुज्जीवनात एलायझा हिगिन्सला सोडून निघून जाते, आणि तो शेवट बऱ्याच जणांना न्याय्य वाटला. पण पटणं बाजूला ठेवून पुन्हा बघा, आणि या वेळी फक्त आवाज ऐका. हिगिन्स घरी एकटा आहे. त्याने आवाज टिपून ठेवणारं यंत्र चालू केलंय, आणि त्यातून पहिल्या दिवशीच्या एलायझाचा, गल्लीतल्या एलायझाचा आवाज येतोय. ज्या उच्चारांची त्याने टर उडवली तेच आता तो डोळे मिटून ऐकतोय. ती मागून येते, यंत्र बंद करते, आणि ते अर्धवट राहिलेलं वाक्य स्वतःच्या तोंडाने, जुन्याच उच्चारांत पुरं करते. हात-तोंड धुऊन आलेय मी. आता तिला दोन्ही आवाज येतात, आणि कोणता काढायचा ते ती ठरवते. हिगिन्सला मात्र अजून एकच वाक्य येतं. टोपी डोळ्यांवर ओढून तो विचारतो, माझ्या सपाता कुठे आहेत.

त्या दुसऱ्यांदा मागितलेल्या सपाता ती आणून देते का, हे चित्रपट दाखवत नाही. पुढच्या रविवारी हेडफोन लावून, मध्यंतराला खरंच उठून चहा घेऊन, एका बैठकीत बघा. बघितल्यावर तुमच्या मते ती देते की नाही, ते मला इथे जरूर लिहा.